बँडबद्दल वाचताना आपण काय ऐकतो?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय 'रॉक बँड, त्यांचे अल्बम आणि त्यांच्यावरची पुस्तकं' असा जाहीर झालाय. एवढा पसारा तासाभरात आवरणारा नाही. म्हणून मी एकच बँड घेतलाय, बीटल्स. एक कारण म्हणजे त्यांच्यावर इतकी पुस्तकं आली आहेत की त्या पुस्तकांचाच आता एक इतिहास झालाय. दुसरं कारण सोयीचं आहे. मी ज्या गाण्यांची नावं घेईन ती तुम्हाला आज घरी गेल्यावर फोनवर लगेच ऐकता येतील. आणि ती ऐकावीत अशी माझी विनंती आहे, कारण मी जे म्हणणार आहे ते पटतं की नाही हे शेवटी कानांनीच ठरवायचंय.

दोन चाहते भेटले की काय बोलतात ते आठवून बघा. सगळ्यात चांगला अल्बम कुठला? जॉन मोठा की पॉल? बँड फुटला कोणामुळे? यातला पहिला प्रश्न संगीताचा आहे. उरलेले दोन माणसांचे आहेत. आणि गप्पा बहुतेक वेळा पहिल्यावरून सुरू होतात आणि तिसऱ्यावर जाऊन अडकतात. यात वाईट काही नाही. आपल्याकडे गवयांबद्दल बोलतानाही हेच होतं. कोण कोणाशी किती वर्षं बोलत नव्हतं याच्या आख्यायिका सगळ्यांना पाठ असतात. वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' 1961 साली आलं. त्याचं महत्त्व हे की त्या पुस्तकानं आख्यायिकांच्या पलीकडे जाऊन स्वर आणि लय यांच्या नात्यावरून घराणी समजावून सांगितली. ते वाचून माणूस पुन्हा गाणं ऐकायला बसतो.

तीच माझी कसोटी आहे. पुस्तक मिटलं, रेकॉर्ड परत लावली, तर आधी ऐकू न आलेलं काही ऐकू येतं का? येत असेल तर पुस्तक कामाचं. पण याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. काही पुस्तकं आपल्या कानांवर झापड लावतात. रेकॉर्डवर जे स्पष्ट वाजतंय तेच आपल्याला ऐकू येईनासं होतं, कारण पुस्तकानं आधीच सांगून ठेवलेलं असतं की इथे काय ऐकायचं. आज या दोन्ही गोष्टींची उदाहरणं देणार आहे.

आधी पुस्तकांचा इतिहास थोडक्यात बघू.

1968 साली हंटर डेव्हिस यांचं अधिकृत चरित्र आलं. अधिकृत म्हणजे बँडच्या संमतीनं लिहिलेलं. डेव्हिस त्यांच्या घरी जात होते, गाणी बनताना समोर बसत होते. त्यामुळे पुस्तकात काही फार मोलाचं आलं, आणि काही गाळलंही गेलं. नातेवाइकांचं मन राखावं लागलं, मॅनेजर ब्रायन एपस्टाइन यांच्या खाजगी आयुष्याबद्दल सूचकपणे बोलावं लागलं. थोडक्यात, चार गुणी मुलं आणि त्यांचं यश.

मग बँड फुटला. डिसेंबर 1970 मध्ये जॉन लेनननं 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या यान वेनर यांना एक लांबलचक, कडू मुलाखत दिली. पुढे ती पुस्तकरूपानंही आली. त्यात गुणी मुलांची गोष्ट त्यानं स्वतःच मोडून टाकली. रागाच्या भरात बोललेला माणूस खरंच बोलत असणार, असं आपण सगळे धरून चालतो. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं ही मुलाखत पुराव्यासारखी वापरली गेली. ती होती एका माणसाची एका हिवाळ्यातली मनःस्थिती.

1980 च्या डिसेंबरात लेननची हत्या झाली. पुढच्याच वर्षी फिलिप नॉर्मन यांचं 'शाउट!' आलं. उत्तम लिहिलेलं, हातातून सुटत नाही असं पुस्तक. पण तराजू लेननकडे झुकलेला. पॉल म्हणजे गोड चेहऱ्याचा हिशेबी माणूस, हे चित्र अनेकांच्या मनात ठसलं ते या पुस्तकामुळे. नॉर्मन यांनीच 2016 मध्ये पॉलचं स्वतंत्र चरित्र लिहिलं आणि आपण पूर्वी त्याच्यावर अन्याय केला हे मान्य केलं. पण मधली पस्तीस वर्षं वाचकांचे कान 'शाउट!'नं घडवलेले होते. एरिन टॉर्केल्सन वेबर या इतिहासाच्या अभ्यासक आहेत. त्यांनी 'द बीटल्स अँड द हिस्टोरियन्स' या पुस्तकात या सगळ्या चरित्रांची इतिहासाच्या साधनांसारखी तपासणी केली आहे: कोण कधी बोललं, कोणाच्या बाजूनं बोललं. ज्यांना या वाटेनं खोलात जायचंय त्यांनी ते जरूर वाचावं. मला मात्र चरित्रांपासून कानापर्यंत जायचंय.

पहिलं उदाहरण 'लेट इट बी'.

हा अल्बम 8 मे 1970 ला आला. पॉलनं बँड सोडल्याची बातमी 10 एप्रिलला आली होती. म्हणजे मृत्यूची बातमी आधी आणि पत्र नंतर, असं झालं. लोकांनी ही रेकॉर्ड शोकसभेला जावं तशी ऐकली. पण तारखा बघा. यातली बहुतेक गाणी जानेवारी 1969 ची आहेत. त्यानंतर या चौघांनी 'अॅबी रोड' पूर्ण केला, तो सप्टेंबर 1969 मध्ये बाजारातही आला. शेवटी प्रसिद्ध झालेला अल्बम हा शेवटी केलेला अल्बम नव्हता. तरी आजही 'लेट इट बी' म्हणजे शेवट असंच आपण धरतो.

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये हा अल्बम सुरुवातीला एका खोक्यातून विकला गेला आणि त्या खोक्यात रेकॉर्डसोबत छायाचित्रांचं एक पुस्तकही होतं. म्हणजे इथे अल्बम आणि पुस्तक जुळी भावंडं आहेत. त्याच महिन्यात मायकल लिंडसे-हॉग यांचा चित्रपट आला. लहान, 16 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित करून मोठ्या पडद्यासाठी वाढवलेला. त्यामुळे चित्र दाणेदार आणि अंधारं झालं. प्रेक्षकांना वाटलं वातावरणच अंधारं होतं. त्या अंधाराचा काही भाग फिल्मच्या रुंदीचा होता हो! चित्रपटात पॉल आणि जॉर्ज यांची छोटी चकमक आहे. पॉल वाजवण्याबद्दल सूचना करतोय आणि जॉर्ज वैतागून म्हणतोय की तू सांगशील ते वाजवतो, नाहीतर वाजवतच नाही. अशा आशयाचं. हा प्रसंग नंतरच्या कितीतरी पुस्तकांत आला. फुटीचा जणू पंचनामाच.

नव्वदच्या दशकात डग सल्पी आणि रे श्वाइगहार्ड या दोघांनी एक वेगळं पुस्तक केलं. त्या जानेवारीत चित्रीकरणासाठी सतत चालू असलेल्या टेप बाहेर फुटल्या होत्या, चोरून विकल्या जात होत्या. यांनी त्या ऐकून दिवसागणिक नोंद केली. काम प्रचंड आणि उपयोगाचं. पण 1997 च्या आवृत्तीचं उपशीर्षक काय होतं? त्यात 'डिझास्टर' हा शब्द होता, म्हणजे सत्यानाश. तासन्‌तास टेप ऐकूनही शीर्षक जुन्या गोष्टीचंच राहिलं.

आता रेकॉर्डकडे या. 'आय हॅव गॉट अ फीलिंग' हे गाणं लावा. हे 30 जानेवारी 1969 ला लंडनमध्ये सॅव्हिल रोवरच्या त्यांच्या कचेरीच्या गच्चीवर वाजवलेलं आहे. ती प्रत्यक्ष मैफल साधारण बेचाळीस मिनिटांची होती. गाण्याचा पहिला भाग पॉलचा आहे, घसा ताणून गायलेला. मग जॉनचा भाग येतो, संथ, यादी वाचल्यासारखा. ही मुळात दोन वेगळी गाणी आहेत, एक पॉलचं, एक जॉनचं. शेवटी काय होतं? दोघं आपापलं गाणं एकाच वेळी गातात आणि ती दोन्ही एकमेकांत बसतात. मागे बिली प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो आहे. तो 22 जानेवारीला आला आणि सगळ्यांच्या वाजवण्यात मोकळेपणा आला.

त्याच गच्चीवरचं 'वन आफ्टर 909' ऐका. हे त्यांच्या पोरवयातलं गाणं. 1963 साली त्यांनी ते रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला होता, जमलं नव्हतं. सहा वर्षांनी थंडीत गच्चीवर उभं राहून ते दोघं ते असं गातात की एकाच्या सुरावर दुसरा कसा टेकतोय ते ऐकत राहावं.

हे सगळं 1970 पासून रेकॉर्डवर होतं. कोणापासून लपवलेलं नव्हतं. तरी पन्नास वर्षं आपण या अल्बमला भांडणाचा अल्बम म्हणत आलो. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये पीटर जॅक्सन यांची जवळपास आठ तासांची 'गेट बॅक' ही मालिका आली, जुनी फिल्म स्वच्छ केलेली. आणि चाहते एकमेकांना सांगू लागले, अरे, हे तर हसतायत! पॉल बासवर नुसता झणझण हात चालवत बसलाय, जॉर्ज आणि रिंगो समोर जांभया देतायत, आणि काही मिनिटांत 'गेट बॅक' गाण्याला आकार येतो. ते दृश्य सगळीकडे फिरलं. माझा प्रश्न साधा आहे. हसणं कळायला आठ तासांची मालिका का लागली? ते गाण्यात होतंच की.

इथे मला दोन सावध वाक्यं बोलली पाहिजेत. एक, भांडण खोटं नव्हतं. जॉर्ज 10 जानेवारीला खरंच उठून निघून गेला होता, आणि जॅक्सन ते दाखवतात. 'द लाँग अँड वाइंडिंग रोड'वर फिल स्पेक्टरनं एप्रिल 1970 मध्ये व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस चढवला. पॉलला न विचारता. पुढे कोर्टात पॉलनं हे तक्रार म्हणून मांडलं. हे भांडण रेकॉर्डवर ऐकू येतं. 2003 मध्ये आलेली 'लेट इट बी... नेकेड'मधली साधी आवृत्ती शेजारी ठेवून ऐका, फरक लगेच कळेल. म्हणजे माणसांची गोष्ट कधीकधी संगीतात उतरते. पण ती कुठे उतरली आणि कुठे नाही हे प्रत्येक गाण्यापाशी जाऊन तपासावं लागतं. सरसकट सांगता येत नाही.

दुसरं, जॅक्सन यांची मालिका म्हणजे अंतिम सत्य असंही नाही. ती पॉल, रिंगो, योको ओनो आणि ऑलिव्हिया हॅरिसन यांच्या सहभागानं बनली. साठ तासांच्या चित्रीकरणातून आठ तास निवडले की तीही एक गोष्टच होते. पूर्वी दुःखाची होती, आता समेटाची आहे. उद्या कोणी समेटाच्या गोष्टीवर मोठं पुस्तक लिहिलं आणि त्यामुळे स्पेक्टरच्या व्हायोलिनांतला कडवटपणा ऐकू येईनासा झाला, तर ते पुस्तकही माझ्या कसोटीला उतरणार नाही.

आता दुसऱ्या जातीच्या पुस्तकांकडे येते. ज्यांनी कान उघडले अशी.

1988 साली मार्क लुईसन यांचं 'द कम्प्लीट बीटल्स रेकॉर्डिंग सेशन्स' आलं. ईएमआय कंपनीच्या कपाटांतले कागद आणि मूळ टेप त्यांना ऐकायला मिळाल्या. हे पुस्तक म्हणजे रोजनामचा आहे. अमुक तारखेला अमुक स्टुडिओ, किती टेक झाले, कोणतं वाद्य नंतर चढवलं, टेबलावर कोण इंजिनिअर होता. कादंबरीसारखं वाचायला गेलात तर दहाव्या पानावर कंटाळाल. पण एक गाणं लावा, पुस्तकातलं ते पान उघडा, आणि बघा. जे एकजिनसी वाटत होतं त्याचे थर सुटे होतात. प्रतिभा, जादू हे शब्द आपोआप मागे पडतात आणि काम दिसायला लागतं. रात्री दोनपर्यंत बसून केलेलं काम.

1994 मध्ये इयन मॅकडोनल्ड यांचं 'रेव्होल्यूशन इन द हेड' आलं. रेकॉर्ड झालेल्या क्रमानं एकेक गाणं घेऊन त्यावर टिपण. लुईसन नोंद करतात, मॅकडोनल्ड निवाडा देतात. आणि निवाडे कडक आहेत. 'हेल्टर स्केल्टर'ची तर त्यांनी पार रेवडी उडवली आहे. जोरकस, आरडाओरड करणारं रॉक त्यांना मानवतच नाही, त्यामुळे बँडच्या शेवटच्या वर्षांबद्दल ते अनेकदा चिडचिडे होतात. मी कितीतरी ठिकाणी त्यांच्याशी असहमत आहे. तरीही हे पुस्तक मला सगळ्यांत जास्त वेळा उघडावंसं वाटतं. का? कारण ते चूक ठरवायचं असेल तर गाणं ऐकावंच लागतं. ते म्हणतात अमुक ठिकाणी सूर असा वळतो म्हणून गाणं पडतं. तुम्हाला पटत नाही, तर तुम्ही ते वळण पुन्हा ऐकता. हा वाद सुराशी बांधलेला आहे. 'योकोमुळे फुटले' या वादासाठी एकही गाणं ऐकावं लागत नाही.

आता मी ज्यासाठी हा सगळा विषय घेतला तिथे येते. पुस्तकं आपल्याला कोण ऐकू येतं हेही ठरवतात.

'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम 1966 च्या ऑगस्टचा. त्यात जॉर्ज हॅरिसनचं 'लव्ह यू टू' आहे. सुरुवातीला सतारीवर लयीशिवाय छोटा आलाप, अर्ध्या मिनिटाच्या आसपास. मग तबला सुरू होतो. काफी थाटाच्या स्वरांत गाणं चालतं, शेवटी लय चढते आणि त्या द्रुत लयीतच गाणं दूर जात विरून जातं. तीन मिनिटांत आलाप, गत आणि द्रुत! आपल्यापैकी ज्यांचे कान मैफलीत घडलेत त्यांना हा आराखडा लगेच ओळखू येईल, आणि तो किती कोंबून बसवलाय हेही कळेल.

तबला कोणाचा? अल्बमच्या आवरणावर छापलंय: अनिल भागवत. आडनाव ओळखीचं वाटतं ना? लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था होती. आयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया ती चालवत. तिथून भागवतांना बोलावणं गेलं. 11 एप्रिल 1966 चं रेकॉर्डिंग. लुईसन यांनी भागवतांना गाठून त्यांची आठवण आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. बोलावणं अचानक आलं, कोणाकडे वाजवायचंय हे न्यायला दारात रोल्स-रॉइस आली तेव्हा कळलं. सोळा मात्रांत, रविशंकर यांच्या बाजासारखं काही वाजवा असं जॉर्जनं सुचवलं, आणि वाजवताना उपज करायला मोकळीक दिली. आवरणावर नाव छापलं गेलं याचा त्यांना अभिमान होता.

या चार ओळी वाचून गाणं ऐका. तबला आता 'भारतीय रंग' राहत नाही. एक माणूस तिथे बसून निर्णय घेतोय हे ऐकू येतं. पाश्चात्त्य समीक्षेत अनेकदा या गाण्यावर पानंच्या पानं असतात ती जॉर्जच्या अध्यात्माबद्दल. भागवतांच्या डाव्या हाताबद्दल क्वचित.

आणि मुख्य सतार कोणी वाजवली? यावर अजून वाद आहे. काही लेखक म्हणतात सर्कलमधल्या एखाद्या अनाम वादकानं. पीटर लव्हेझोली यांनी भारतीय संगीत पश्चिमेत कसं पोचलं यावर जाडजूड ग्रंथ लिहिलाय. ते म्हणतात जॉर्जनंच. एवढ्या गाजलेल्या बँडच्या एवढ्या गाजलेल्या अल्बमवर मुख्य वाद्य कोणी वाजवलं याचं पक्कं उत्तर नसावं, यातच काय ते आलं.

पुढच्या वर्षी 'सार्जंट पेपर'मध्ये 'विदिन यू विदाउट यू' आलं. खमाज थाटाचे स्वर, मधल्या वाद्यांच्या भागात झपतालासारखा दहा मात्रांचा डौल, आणि आवाजाच्या मागे सावलीसारखी चालणारी दिलरुबा. बँडपैकी फक्त जॉर्ज या गाण्यावर आहे. इंजिनिअर जेफ एमरिक यांनी तबल्याच्या अगदी जवळ मायक्रोफोन ठेवला होता. डग्ग्याची घुमक इतकी जवळून कधी ऐकली नव्हती असं लोकांना वाटलं. हेडफोन लावून ऐका, आजही ती घुमक पोटात जाणवते.

या अल्बमच्या मागच्या बाजूला गाण्यांचे सगळे शब्द छापले होते. वादकांची नावं नव्हती. न्यायानं सांगायचं तर लंडनच्या व्हायोलिनवादकांचीही नव्हती. पण त्यांची नावं कचेरीच्या कागदांत होती, त्यामुळे लुईसन यांच्या पुस्तकात ती आली. भारतीय वादकांची नोंद तशी नीट झालेली नव्हती. म्हणून वर्षानुवर्षं पुस्तकांतून 'एशियन म्युझिक सर्कलचे वादक' एवढाच उल्लेख. अॅना जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी ही चार नावं सर्वसामान्य चाहत्यांपर्यंत पोचली ती अल्बमच्या पन्नाशीच्या वेळी, 2017 मध्ये, लिव्हरपूल विद्यापीठातल्या शोधकामामुळे. लुईसन यांच्या पद्धतीची मर्यादा इथे कळते. कागदांवर उभं राहिलेलं पुस्तक कागद लिहिणाऱ्यानं जेवढं लिहिलं तेवढंच सांगू शकतं. ज्याचं नाव कारकुनानं लिहिलं नाही, तो पुस्तकातही मुका राहतो.

मग जानेवारी 1968. जॉर्ज मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करायला आला. त्याच दिवसांत 'द इनर लाइट' या गाण्याचा वाद्यमेळ इथेच, मुंबईत रेकॉर्ड झाला. जॉर्जचं हे पहिलं गाणं जे बीटल्सच्या सिंगलवर आलं. 'वंडरवॉल म्युझिक'च्या आवरणावर वादकांची यादी आहे. ती मोठ्यानं वाचून बघा. आशिष खान, शिवकुमार शर्मा, शंकर घोष, बासरीला केंकरे, आणि शहनाईला दोन नावं, रोमन लिपीत 'जदेव' असं काहीतरी वाचावं लागतं. शरद आणि हनुमान. मला ते 'जाधव' असावं असं वाटतं. शर्मांच्या आडनावाचंही स्पेलिंग बिघडलेलं आहे, म्हणजे छापणाऱ्याचा हात एकूण सैलच होता. इंग्रज चाहता ही यादी वाचताना अडखळतो आणि पुढे जातो. मराठी वाचक थांबतो. हे थांबणं म्हणजेच समीक्षेची सुरुवात आहे असं मी मानते. आपल्याकडून या बँडवर काही नवं लिहिलं जायचं असेल तर ते 'बीटल्स आणि ऋषिकेश' हे हजारदा सांगितलेलं पुन्हा सांगून होणार नाही. मुंबईतल्या त्या स्टुडिओत शहनाई फुंकणारे ते दोघं कोण, त्यांना काय सांगितलं गेलं, त्यांनी काय वाजवलं, हे विचारून होईल. आणि तशी माहिती हातात असलेली घरं आपल्याच शहरांत असणार.

थोडक्यात सांगते. बँडवरचं पुस्तक हातात घेतलं की दोन गोष्टी तपासा. पान संपल्यावर गाणं लावावंसं वाटतं का, आणि लावल्यावर आधीपेक्षा जास्त माणसं ऐकू येतात का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल, तर पुस्तक चांगलं आहे पण अपुरं आहे. अपुरं पुस्तक पुरं करण्याचं काम चाहत्यांचं आहे.

काही प्रश्न आले आहेत, ते घेते.

प्रश्न: म्हणजे चरित्रं वाचूच नयेत असं म्हणायचंय का?

नाही, नाही. चरित्रं जरूर वाचा. लुईसन यांच्याच मोठ्या चरित्राचा पहिला खंड 'ट्यून इन' 2013 मध्ये आला. तो फक्त 1962 च्या अखेरीपर्यंत येतो आणि त्याची साधी आवृत्तीही नऊशे पानांच्या वर आहे. त्यात लिव्हरपूल आणि हॅम्बुर्गमधल्या क्लबांत रात्र रात्र वाजवून हात कसे तयार झाले हे इतक्या बारकाईनं येतं की सुरुवातीची साधी वाटणारी गाणी वेगळी ऐकू येतात. म्हणजे ते चरित्र कसोटीला उतरतं. फक्त क्रम असा ठेवा: आधी अल्बम पुरा ऐका, आपलं मत कागदावर दोन ओळींत लिहा, मग पुस्तक उघडा. नंतर मत बदललं तर कशामुळे बदललं हे तरी कळेल.

प्रश्न: लेड झेपलिनसारख्या बँडला हे लागू होतं का? त्यांच्यावर तर किस्सेच जास्त आहेत.

अगदी होतं. स्टीफन डेव्हिस यांचं 'हॅमर ऑफ द गॉड्स' 1985 चं. हॉटेलांतल्या दंग्यांचे किस्से भरपूर, आणि त्या बँडची प्रतिमा त्यावरच उभी राहिली. जॉन बॉनमचा ड्रमवरचा ठेका थोडा मागे रेलून कसा बसतो हे त्या किश्शांतून कळत नाही. आणि मुंबईचा धागा इथेही आहे. 1972 मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत स्थानिक वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही गाणी करून पाहिली. ती 2015 मध्ये 'कोडा'च्या नव्या आवृत्तीबरोबर अधिकृतपणे बाहेर आली. श्रेय कोणाला? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. झालं! शहराचं नाव आलं, माणसांची नाहीत. ऐकून बघा, तबला आणि व्हायोलिनं अगदी स्पष्ट आहेत.

प्रश्न: पण सामान्य ऐकणाऱ्याला ही नावं माहीत असून काय फरक पडतो? गाणं तर तेच राहतं.

गाण्याचा ध्वनी तोच राहतो, बरोबर. पण आपण ध्वनीतून काय उचलतो ते बदलतं. गर्दीत आपल्याला कोणी ओळखीचं दिसलं की बाकीच्या गोंगाटातून त्याचाच आवाज वेगळा ऐकू येतो, तसंच हे. नाव नसलेल्या वाद्याला आपण पार्श्वभूमी म्हणतो आणि तिथे लक्ष देत नाही. आणि वादकाच्या बाजूनं बघा. अनिल भागवतांना आपलं नाव छापलं गेल्याचं अप्रूप वाटलं होतं. ज्यांचं छापलं गेलं नाही त्यांनाही काहीतरी वाटलं असेलच. आपण निदान ऐकताना ती नावं घेऊ शकतो. त्याला पैसे पडत नाहीत.

वेळ संपली आहे, इथे थांबते. आज रात्री 'विदिन यू विदाउट यू' हेडफोन लावून ऐका, आणि पहिल्यांदा ऐकताना आवाजाकडे लक्ष देऊ नका, दिलरुबेकडे द्या.